हवालदार आबांचा हीटर

हवालदार आबांच्या घरात जायचं असेल तर आधी गल्लीत उभं राहून आपण दोस्त आहोत असं ओरडून सांगावं लागतं.

मी त्यांची शेजारीण. रहिमतपुरात आमची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणी नि आबांचं घर यांच्यात एकच भिंत. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात विरजण मागायला वाटी घेऊन त्यांच्या दारात गेले, तर आतून आवाज आला, "थम. कोन हाय?" माझ्या हातातली वाटीच पडली. म्हटलं, "मी सुनंदा." "कोन सुनंदा?" "गिरणीवाल्यांची सून." मग आक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, कंटाळलेला आवाज आला, "दोस्त म्हन गं बाई. त्याबिगर दार उघडायचं न्हाईत." नवी नवरी मी, डोक्यावर पदर, बघायला अख्खी गल्ली. म्हटलं, "दोस्त." "दोस्त, वळख द्यायला फुडं या." मग कुठं विरजण मिळालं.

फौजेत पहारेकरी असं विचारतात म्हणे. आबा फौजेच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करायचे, अधूनमधून पहाऱ्यावर असायचे. पेन्शन घेऊन घरी आले, पण पहारा काही सुटला नाही. दूधवाला दोस्त म्हणतो, गॅसवाला दोस्त म्हणतो. त्यांचा जावई पहिल्या दिवाळसणाला आला आणि बिचारा दारातून म्हणाला, "मी जावई." आतून उत्तर आलं, "जावई हा परकार आमच्यात न्हाई. दोस्त का दुश्मन, तेवडं बोला." जावयाला थोडा विचार करावा लागला, असं आक्का सांगतात.

यंत्रांनाही हाच नियम. "वळख पटल्याबिगर हात लावायचा न्हाई," हे त्यांचं ब्रीदवाक्य. माझी गिरणी बंद पडली की आबा स्टूल घेऊन येतात, गिरणीपुढं बसतात आणि तिची चौकशी सुरू करतात. "तू कुठली? तुला ह्याच्याआदी कुनी खोलली हुती? खरं बोल." बाहेर दळणाचे डबे घेऊन बायका ताटकळत उभ्या. मग केव्हातरी पान्याला हात घालतात. गिरणी चालू होते, नाही म्हणत नाही मी, पण दरवेळी एखादा नट माझ्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, "ह्यो जास्तीचा हुता." असे जास्तीचे नट माझ्याकडं एक डबाभर साठलेत. गिरणी अजून उभी आहे हे आश्चर्यच.

आबांचा जिवाभावाचा माणूस एकच, कुंडलचे शिरपानाना. दोघं एकाच वर्कशॉपात होते, 'वर'. वर म्हणजे लडाखकडं कुठंतरी. आबा गावाचं नाव सांगत नाहीत, नुसतं "वर" म्हणतात आणि बोट छताकडं करतात. माझा धाकटा लहानपणी समजायचा की आबा माळ्यावर नोकरीला होते.

तर वर इतकी थंडी, की गाडीतलं डिझेल गोठायचं आणि पाना हाताला चिकटून बसायचा. वर्कशॉपात एक फिरता हीटर होता. आडवं लोखंडी पिंप, त्याच्याखाली रॉकेलची टाकी, दोन चाकं, मागं पंखा, आणि पुढच्या तोंडातून गरम हवेचा झोत. त्यानं गाड्यांची इंजिनं शेकायची आणि साहेब नसले की आपलं अंग. एका हिवाळ्यात या दोघांपैकी एकाची बोटं थंडीनं पांढरी पडली आणि दुसऱ्यानं त्याला ओढत हीटरपाशी नेऊन, हात आपल्या कोटात धरून, बोटं वाचवली. इथपर्यंत दोघांचं एकमत. कुणी कुणाची वाचवली, इथं भांडण. आबा म्हणायचे, मी शिरपाची. नाना म्हणायचे, मी ह्या मिशाळाची. दरवर्षी भेटले की मटणाच्या ताटावर हे भांडण पेटायचं. "तुजी बोटं दाव." "आदी तुजी दाव." दोघांची दहाच्या दहा शाबूत, त्यामुळं निकाल लागायचा नाही. आक्का म्हणायच्या, "जेवा आता, बोटं हाईत तवर."

गेल्या फाल्गुनात मी नवी हळद आणायला सांगलीला निघाले होते. ती मी गिरणीत दळून विकते. टेंपो माझा मीच चालवते. आबा नेहमी शेजारी बसतात आणि समोर कुणी असो नसो, "ब्रेक, ब्रेक" म्हणतात. वाटेत कुंडलला नानांकडं थांबलो. नाना कानटोपी घालून ओट्यावर बसले होते. आबा मिशांना पीळ देत ऐटीत पुढं गेले. नानांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि अदबीनं म्हणाले, "मीटर त्या खांबामागं हाय साहेब. घ्या रीडिंग."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा. पण नानांच्या सुनेनं मला खुणेनंच गप्प केलं. नानांना गेलं वर्षभर माणसं आठवेनाशी झाली होती. मुलाला भाऊ समजायचे, तिला नर्स. मुलाचं पुण्यात घर होत होतं. पुढची संक्रांत झाली की नानांना घेऊन सगळे तिकडंच जाणार होते.

आबांनी काय करावं? खांबामागं गेले, मीटर वाचला आणि येऊन आकडा मोठ्यानं सांगितला. नाना म्हणाले, "बरं. बिल वेळेवर धाडा."

कुंडल ते सांगली आबा एकदाही "ब्रेक" म्हणाले नाहीत. मी मुद्दाम एक वळण जोरात घेतलं. तरी नाही. मला भीतीच वाटायला लागली.

सांगलीत हळदीची पोती चढवली आणि मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यानं निघालो, तर आबा ओरडले, "ब्रेक." जिवात जीव आला माझ्या. ते मात्र उतरून थेट एका भंगारवाल्याकडं गेले. तिथं पत्र्यांच्या ढिगाखालून दोन चाकं आणि एक पिंप डोकावत होतं. आबा वाकले आणि त्यांनी पिंपात सरळ डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर काढेचनात. भंगारवाला मला विचारायला लागला, "अडकले काय हो?"

माझ्या साडीवर हळद दिसली तशी भंगारवाल्यानं ते यंत्र हळद वाळवायचं असल्याचं सांगितलं. आबांचं डोकं बाहेर आल्यावर त्यांच्या मिशा बघून म्हणाला, "तोफेचा भाग आहे, मामा." आबांनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. म्हणाले, "सुनंदा, ह्याला वरचा वास हाय."

मी वास घेतला. उंदराचा होता. पण आबांचा चेहरा बघून गप्प बसले.

घरी येताना त्यांनी बेत सांगितला. "शिरपा मानसं इसरला आसंल, हीटर इसरायचा न्हाई. ह्यो दुरुस्त करतो, पेटवतो, त्याच्याफुडं नेऊन ठिवतो. वास आला, आवाज आला, की त्याला मी आटवनार."

"आणि नाही आठवलात तर?"

आबा पुढच्या काचेतून बघत राहिले. "मंग बोटांचं भांडान मी एकट्यानं कुनासंगं करू गं?"



हीटर आबांच्या अंगणात आला तो आक्कांच्या कुरडयांच्या जागेवर. आक्का म्हणाल्या, "एक तर ह्यो र्‍हाईल न्हाईतर कुरडया." आबांनी कुरडया माळ्यावर हलवल्या. पण हीटरला हात लावायला तयार नाहीत. का, तर ओळख पटली नाही. नुसता हीटर असून भागणार नव्हतं, तो वरचाच हीटर आहे हे सिद्ध व्हायला पाहिजे होतं. मग चौकशी बसली. आबा रोज सकाळी काचपेपर घेऊन रंग खरवडायचे. वरचा पिवळा निघाला, खाली लाल निघाला, त्याखाली निळा. गल्लीतली माणसं येता-जाता आपापलं मत द्यायची. कुणी म्हणालं गणपतीपुढं धूर सोडायचं मशीन, कुणी म्हणालं ऊस जाळायचं. निळ्याखाली एक दिवस हिरवा लागला आणि आबांनी गिरणीत येऊन मला ओढत नेलं. "बग. फौजी हिरवा."

आक्का म्हणाल्या, "आपलं कपाट बी हिरवं हाय. ते काय वर हुतं?"

मग आबांनी पोचा शोधायला घेतला. शिरपानं एकदा चिडून हीटरला पाना मारला होता म्हणे, त्याचा पोचा असायला पाहिजे. पोचे तर सगळ्या अंगभर होते. आबा एकेकावर बोट ठेवून, "ह्यो शिरपाचा. ह्यो बी शिरपाचाच." आक्कांनी विचारलं, "शिरपाभावजींनी नोकरी केली का नुसतं हानतच बसले?"

पाठीमागं पितळेची एक पट्टी होती, तिच्यावरची अक्षरं झिजलेली. आबांनी माझी मूठभर नवी हळद नेऊन तिच्यावर चोळली. अक्षरांत हळद बसली आणि एकच इंग्रजी वाक्य दिसलं, बंद खोलीत वापरू नये. आबा म्हणाले, "पटली वळख. हेच लिवलं हुतं." आता असल्या यंत्रावर हे नाही तर काय लिहिणार? पण या चौकशीत पावसाळा सरून दसरा जवळ आला होता. खंडेनवमीला आमच्याकडं पाना, पकडी, कोयता, गिरणी, सगळ्यांची पूजा होते. आक्कांनी सगळ्यांना झेंडू वाहिला आणि हीटरपाशी येऊन ताट मागं घेतलं. "ह्याची वळख पटलीया न्हवं नक्की? न्हाईतर आमी काय हात लावत न्हाई बाई."

आबांनी छातीवर हात ठेवून, "पटली," म्हटलं. हीटरला हळदकुंकू लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली.

पिंपातून उंदरांचं घरटं निघालं. तेल फवारायचं तोंड तुंबलं होतं, ते आबांनी आक्कांच्या जुन्या स्टोव्हच्या पिनेनं मोकळं केलं. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही, म्हणून डिझेल भरलं. पंख्याच्या जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळून आणली. आणि दिवाळी होऊन थंडी पडल्यावर एका संध्याकाळी आबांनी अंगणात हीटर पेटवला.

पेटला कसला, धुमसला. पांढऱ्या धुराचा लोट निघाला तो भिंतीवरून गल्लीत. गल्लीला वाटलं, डासांचं औषध मारायला गाडी आली. बायकांनी पटापटा पाण्याच्या घागरी झाकल्या, खिडक्या लावल्या, पोरं बोंब ठोकत धुरात पळायला लागली. माझ्या गिरणीत धूर शिरला आणि त्यामागून काजळी. कुणाचंतरी जोंधळ्याचं पीठ नाचणीचं झालं. मी भांडायला म्हणून आबांच्या दारात गेले, आणि एवढ्या रागात मला आधी "दोस्त" म्हणावं लागलं. यापेक्षा मोठा अपमान नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतली माणसं विचारायला आली, "आबा, आमच्याकडं कवा येताय? डास लय झाल्यात." आबांना इतका राग मी कधी आलेला बघितला नाही.

धूर होतो म्हणजे हवा कमी पडते, असं आबांनी ठरवलं. पंखा काढला, साफ केला, परत बसवला. बसवताना मोटरच्या तारा उलट्या जोडल्या. हे कळलं ते पेटवल्यावर. पंखा पुढं फुंकायच्या ऐवजी मागं ओढायला लागला, आणि आबा मागच्याच बाजूला वाकून बघत होते. फक्क झालं. आबांना काही इजा झाली नाही, देवाची कृपा. पण उजवीकडची मिशी गेली.

फौजेपासूनची ती मिशी. तिला तूप लागायचं. आबांनी आरशात बघितलं आणि न्हाव्याकडं जाऊन डावीकडचीही काढून आले. आले तर दार बंद. आतून आक्का म्हणाल्या, "थम. कोन हाय?"

"आगं मी."

"मी कोन? आमच्या मानसाला मिशा हाईत."

मी गिरणीच्या दारात पोट धरून हसत होते. आबांना शेवटी "दोस्त" म्हणावं लागलं. आक्कांनी दार उघडलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि मग त्याच हसायच्या थांबल्या. माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. संक्रांत तोंडावर आलेली. शिरपानाना आबांना मिशाळ म्हणायचे, आणि आता मिशाच नाहीत. पूर्ण मिशा असताना मीटरवाला म्हणाले. आता काय म्हणणार?

आबा ओट्यावर बसून ओठावरून बोट फिरवत होते. "उगवत्यात का गं इतक्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उगवतील की." खोटंच म्हटलं.

त्यांनी तारा सुलट्या जोडल्या. हीटर चालू झाला. या वेळी काही गडबड नाही. घोंऽऽ असा एकसारखा आवाज आणि पुढं ऊन ऊन वारा. आक्का हात शेकत म्हणाल्या, "बरं वाटतंय हो." नवऱ्याच्या यंत्राबद्दल त्यांनी काढलेला पहिला चांगला शब्द तो.

भोगीच्या दिवशी सकाळी टेंपोत हीटर घातला, आक्कांनी तिळाचे लाडू दिले, आणि आम्ही कुंडल गाठलं. थंडी चांगली होती. उसाच्या पाचटावर दव होतं. नाना अंगणात खुर्चीवर, घोंगडं घेऊन. घरात बांधाबांध झालेली, खोकी दारापर्यंत. नानांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नर्सबाई, बसा." आबांकडं बघितलं आणि काहीच म्हणाले नाहीत. मीटरवालासुद्धा नाही.

आबांनी सुनेकडून वायर मागून घेतली, हीटर नानांच्या समोर बेताच्या अंतरावर उभा केला आणि पेटवला. घोंऽऽ आवाज सुरू झाला. डिझेलचा वास आला. नानांची मान वर आली. घोंगड्यातून एक हात बाहेर आला, मग दुसरा. दोन्ही तळवे त्यांनी हीटरपुढं धरले, कुणी न सांगता, अगदी सवयीनं. सून तोंडाला पदर लावून उभी राहिली.

आबा एक पाऊल पुढं गेले.

"थम," नाना म्हणाले. त्यांची नजर आगीवरून हलली नाही. "कोन हाय?"

आबा खाडकन ताठ उभे राहिले. हुद्दा सांगितला, नंबर सांगितला, नाव, बापाचं नाव, गाव, वर्कशॉप, सगळं एका दमात. नाना ऐकत होते. ऐकून झाल्यावर परत म्हणाले, "कोन हाय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. साऱ्या जन्मात कुणाकडं त्यांनी असं बघितलं नसेल. मी म्हटलं, "आबा, दोस्त म्हणा की."

"दोस्त," आबा म्हणाले.

"मंग तिकडं काय हुबा र्‍हायलास? फुडं यी. हात शेक."

आबा जवळ जाऊन उकिडवे बसले. नानांनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले आणि आगीपुढं धरले. "गार पडल्यात. कुठला तू?"

"रहिमतपूरचा."

"रहिमतपूरचा एक गडी हुता आमच्यात. ह्येवड्या मिशा. लय बडबडायचा. कान किटायचे."

"व्हय?"

"व्हय. पन मानूस सोन्यासारका. माजी बोटं गेलीच हुती बग. त्यानं मला वडत आनून हितं बसवला. सवताच्या कोटात हात धरून बसला, सोडंना. त्याच्यामुळं र्‍हायली." नानांनी बोटं हलवून दाखवली.

मी सून आणि खोकी यांच्यामध्ये उभी होते. इतक्या वर्षांचा दावा, आणि आज दोन साक्षीदारांसमोर कबुलीजबाब. मला वाटलं, आता आबा उडी मारून उठणार, गावभर सांगणार. आबा खाली बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग त्याला कवा सांगितलं न्हाईसा तसं?"

"याड लागलंय का? डोस्क्यावर बसला आसता."

आबा हसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. मिशा नसल्यामुळं सगळं उघडं दिसत होतं.

"हाय का रं त्यो अजून?" नानांनी विचारलं.

"हाय."

"बरा हाय?"

"बरा हाय."

"भेटला तर सांग त्याला. शिरपानं इचारलंय म्हनावं."

"सांगतो," आबा म्हणाले.

डिझेल संपेपर्यंत दोघं तसेच बसून होते. नाना लाडू खात होते आणि आबांना रहिमतपूरच्या गड्याच्या खोड्या सांगत होते. आबा प्रत्येक खोडीला, "असला हुता व्हय?" असं विचारत होते.

परत येताना हीटर टेंपोत, आबा शेजारी. रहिमतपुरात पोचलो तर आक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी आज थम म्हटलं नाही की कोण म्हटलं नाही. आबा उतरायच्या आत त्यांनी विचारलं, "वळखलं का भावजींनी?"

आबा खाली उतरले. हात अजून एकमेकांत धरलेले, ऊब जाऊ नये तसे.

"शिरपानं मला इचारलंय," ते म्हणाले. "बरा हाय का म्हनून."